‘बेअर’ म्हणजे नुसतं सहन करणं नाही, सर

सर, ‘बेअर’ या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली, परत एकदा वाचली, आणि घाईत काही लिहिण्यापेक्षा सकाळचा क्लास आटपून निवांत लिहावं म्हणून थांबले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘बेअर’ म्हणजे सहन करणे, डिक्शनरीत तेच दिलंय, विषय संपला, मग एवढा कीस कशाला पाडायचा. दुसरं, बेअरला आयएनजी कधीच लावायचा नाही असं मी लिहिलं ते चूक आहे. आणि तिसरं, असल्या चुका काढत बसलं की आपली कोकणातली पोरं इंग्रजी बोलायचंच सोडून देतात.

दुसरा मुद्दा आधी घेते कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ‘शी इज बेअरिंग इट ब्रेव्हली’ हे तुमचं वाक्य एकदम शुद्ध आहे, मी ‘कधीच’ लिहायला नको होतं. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की ‘सहन होत नाही’ सांगताना ‘आय अॅम नॉट बेअरिंग धिस हीट’ चालत नाही, तिथे ‘आय कान्ट बेअर’च लागतं. आणि ‘आय अॅम बेअरिंग पेन सिन्स टू डेज’ हेही नको, तिथे सरळ ‘आय हॅव बीन इन पेन फॉर टू डेज’.

पण ‘विषय संपला’ हे मला पटत नाही, आणि का ते सांगते. आमच्या वाडीतला एक मुलगा, घरची हापूसची कलमं आहेत, दोन वर्षांपूर्वी त्याने एका व्यापाऱ्याला थेट 40 पेट्या पाठवल्या. गाडी व्यापाऱ्यानेच ठरवलेली. त्यातल्या 11 पेट्या वाटेत दबल्या, फळ काळं पडलं. ह्याने भरपाईसाठी मेल केला, त्यात लिहिलं ‘वी आर बेअरिंग द लॉस ऑफ इलेव्हन बॉक्सेस’. त्याला म्हणायचं होतं की आमचं 11 पेट्यांचं नुकसान झालंय हो. पण ‘बेअर द लॉस’ म्हणजे ते नुकसान आम्ही आमच्या अंगावर घेतो, त्याचे पैसे आमचे गेले! समोरून थँक यू आलं आणि 11 पेट्यांचे पैसे कापूनच हिशोब आला. नंतर ह्याने फोन करून किती समजावलं, पण तुमचं लेखी आहे म्हणाले. मोबाईल घेऊन तो आमच्या अंगणात आला होता, मी तो मेल वाचला, स्पेलिंगची एकही चूक नव्हती त्यात. ‘वी हॅव सफर्ड अ लॉस’ एवढं लिहिलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्याला पण शाळेत बेअर म्हणजे सहन करणे असंच शिकवलं होतं, सर.

म्हणून मी मुलांना आधी ओझं दाखवते. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘बेरान’, म्हणजे वाहून नेणे, आणि आपल्या संस्कृतातला ‘भृ’ धातू त्याच कुळातला, ज्यातून आपला भार आला, भरणपोषण आलं. (अस्वलाचा बेअर वेगळा, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.) हर्णै बंदरावर बाई डोक्यावर चुंबळ ठेवून मासळीची पाटी उचलते, ते बेअर. कलमाला फळ धरतं तेही बेअरच, फांदी भार पेलते. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो त्याला शेतीवाले ‘अल्टरनेट बेअरिंग’ म्हणतात, आणि वेंगुर्ल्याहून 1981 साली नीलम आणि हापूसचा संकर करून जी ‘रत्ना’ जात आली ती ‘रेग्युलर बेअरर’, म्हणजे दरवर्षी धरणारी. इथल्या पोरांना हे सांगावंच लागत नाही, त्यांच्या परसात आहे ते. एकदा ओझं डोक्यात बसलं की खर्च कोण बेअर करणार, नुकसान कोण बेअर करणार, सगळं आपोआप कळतं.

‘बेअर विथ द पेन’ चालेल असं तुम्ही म्हणता, पण ‘बेअर विथ मी’ म्हणजे आपलं ‘जरा सांभाळून घ्या’. ते आपण माणसांना म्हणतो, दुखण्याला नाही. (आणि स्पेलिंग बघून लिहा, बी-ए-आर-ई वाला दुसरा ‘बेअर’ म्हणजे उघडा!) बेअरचं तिसरं रूप ‘बॉर्न’, त्याच्या स्पेलिंगचं सोपं आहे, जन्माला आलो तिथे शेवटी ई नाही, बाकी वाहून नेणं आणि सोसणं सगळीकडे ई, डेंग्यू ‘मॉस्किटोबॉर्न’ तोही ई वाला.

आता पोरं गप्प होण्याबद्दल. ही काळजी मलाही आहे, खरंच आहे, म्हणून वाक्य मध्येच तोडून चूक सांगायची नाही हा माझ्या क्लासचा नियम आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्याकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, त्यावर एक आठवीतली मुलगी बोलत होती. आजीबद्दल सांगताना अडली, ‘माय ग्रँडमदर इज नॉट… नॉट सीइंग…’ मी म्हटलं मराठीत काय म्हणशील? ती म्हणाली, आजीला बाग बघवत नव्हती. बघवत नाही, ऐकवत नाही, सोसवत नाही, आपल्याकडे हे रूप तयारच आहे सर, आणि त्याला इंग्रजीत ‘कान्ट बेअर टू’ अगदी चपखल बसतं, फक्त मराठीत ‘आजीला’ असतं तिथे इंग्रजीत आजी कर्ता होते. एवढंच सांगितलं. तिने स्वतः जुळवलं, ‘माय ग्रँडमदर कुडन्ट बेअर टू लुक अॅट द गार्डन’, आणि मग थांबलीच नाही, आजी तीन दिवस मागच्या दाराकडे गेली नाही इथपर्यंत सगळं इंग्रजीत सांगितलं तिने.

‘कधीच’ असलेली ती ओळ मी पोस्टमधून काढली आहे आणि तिथे तुमचं ‘ब्रेव्हली’ वालं वाक्य टाकलंय. बघून घ्या एकदा.