चौदाव्या मजल्यावरून : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

धैंचा (शेतात वाढवून हिरवा असतानाच खत म्हणून मातीत मिसळायचं पीक) गाडण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, ठाण्यात चौदाव्या मजल्यावर बसून मातीतल्या जीवाणूंवर प्रवचन झोडू नका. पीक युरिया खातं, जीवाणू नाही." पुढे मोकाट गुरं, मजुरी, भातानंतर पाणी नसणं, असं बरंच आहे.

आधी माझी चूक. दुसऱ्या फोटोखाली मी 'ताग' लिहिलं होतं. तागाचं पान लांबट, एकेरी. फोटोतली पानं चिंचेसारखी, म्हणजे धैंचाच. तुम्ही बरोबर पकडलंत, ओळ बदलली आहे.

आता चौदावा मजला. ठाण्यात राहते हे मी कधी लपवलेलं नाही. पण माझं बालपण मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढच्या गावात गेलं. वडील ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत पाळ्या करायचे आणि लावणीला रजा काढून गावी यायचे. राबासाठी (भाताचं रोप टाकायची जागा भाजायला) पातेरा, म्हणजे वाळका पाला, मी डोक्यावरून वाहिला आहे, रोपांच्या मुठी बांधून बोटं सोलून घेतली आहेत. आजही पावसाळ्यात दर शनिवारी पहिली लोकल धरून कल्याण आणि तिथून एसटीनं मुरबाड गाठते. हे सगळं तुम्हाला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. लेख आवडला नाही तर तसं म्हणा. माणूस कुठल्या मजल्यावर राहतो त्यावरून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

आणि "पीक युरिया खातं" हे तुमचं वाक्य अर्धवट आहे. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २१ किलो. पण भाताची मुळं ते नत्र घेतात ते मुख्यतः अमोनियम होऊन. युरियाचा अमोनियम करतं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम), आणि मातीत ते येतं बहुतांशी जीवाणूंकडूनच. म्हणजे तुमच्या गोणीतला युरियासुद्धा आधी त्यांच्या हातून जातो! त्यातला काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होतो. खाचरात पाणी तुंबलं की हवेविना जगणारे दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा वायू करून टाकतात. उरलेला नायट्रेट आपल्याकडच्या धो धो पावसात झिरपून जातो. धैंचा गाडला की त्यातलं नत्र कुजण्याच्या वेगानं, थोडं थोडं सुटतं. माझा सगळा लेख एवढ्यावरच होता.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. पहिल्या वर्षी मेच्या मध्यावर विहिरीच्या पाण्यावर धैंचा पेरला आणि नांगर मिळेना म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गाडला. ४५ दिवसांच्या आसपास, फुलं यायच्या आत गाडायचा असतो. आमचा दोन महिन्यांच्या वर गेला होता, खोडं काठीसारखी कडक. लावणीनंतर भात पिवळा पडला. खोडात कर्ब जास्त आणि नत्र कमी, त्यामुळे ते कुजवताना जीवाणूंनी मातीतलंच नत्र ओढून घेतलं. चुलते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी युरिया टाकावा लागला, आणि हे मी लेखातही लिहिलं आहे. युरिया बंद करा असं कुठे म्हटलंय, ते एक वाक्य मला दाखवा.

पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे भात कापल्यावर वाल टाकतात, तो शिलकी ओलीवर येतो. डिसेंबरात वालाचं एक रोप खुरप्यानं, मातीसकट काढा. मुळांवरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर ती हवेतलं नत्र धरते आहे. हिरवट असेल तर तिचं काम संपलं. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी अशा गाठींतले जीवाणू १८८८ सालीच वेगळे काढले होते. हे काल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ज्ञान नाही. माझी आजी गाठी फोडत नसे, पण वालाच्या खाचरात पुढचा भात चांगला येतो हे तिला ठाऊक होतं.

गुरं आणि मजुरी हे गावोगावचे प्रश्न आहेत, त्यांचा या लेखाशी संबंध नव्हता. त्यावर इथे वाद घालणार नाही.

फोटोखालची ओळ मी दुरुस्त केली. 'प्रवचन झोडू नका' हे तुम्हीही मागे घ्यावं, एवढी माझी अपेक्षा आहे.