सौर दिव्यावर वेल्डिंग होत नाही

"आफ्रिकेला मोठे वीजप्रकल्प नकोतच, घरोघरी एकेक सौर दिवा दिला की पुरे," असे आज एका व्याख्यात्यांनी वातानुकूलित सभागृहात सांगितले आणि टाळ्याही मिळवल्या. तेथे गप्प बसलो, म्हणून येथे लिहितो आहे.

२०२४ मध्ये मी नोकरीनिमित्त झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, होतो. त्या वर्षीच्या दुष्काळात झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाचा जलाशय पार खाली गेला आणि झांबियाची बहुतांश वीज पाण्यावरच होत असल्याने दिवसाचे बहुतेक तास वीज नसे. आमच्या गल्लीतला वेल्डर मध्यरात्री वीज आली की उठून काम सुरू करी आणि पहाटे ती गेली की अर्धवट जोडलेले फाटक भिंतीला टेकवून ठेवी. जनरेटर लावला तर मजुरी डिझेलमध्येच जाई. सौर दिवा त्याच्याकडे होता. मुलगी त्याच्या उजेडात अभ्यास करी, हे मान्य. बापाचा धंदा मात्र त्यावर चालत नव्हता.

धरणावर विसंबल्यानेच ही वेळ आली, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे; एकाच नदीवर विसंबू नये, एवढेच त्यातून सिद्ध होते.

माझा खरा राग वेगळाच आहे. करिबा बांधले ते मुख्यतः तांब्याच्या खाणींसाठी आणि त्यापायी सुमारे ५७,००० टोंगा जमातीच्या लोकांना नदीकाठ सोडावा लागला. काँगोत इंगा धरणाहून कटांगा प्रांतातल्या खाणींकडे सुमारे १,७०० किलोमीटरची उच्चदाब वाहिनी गेली, पण वाटेतल्या गावांना तिच्यातून वीज मिळाली नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांचे अर्ज अजून फिरताना पाहणाऱ्या आपल्याला हे दुःख समजावून सांगायला नको. पण वीज वेल्डरपर्यंत पोहोचली नाही, यावर ती निर्माणच करू नये हा उपाय कसा?

इथिओपियाने नाईलवरचे ५,१५० मेगावॉटचे धरण, म्हणजे कोयनेच्या अडीचपटीहून मोठा प्रकल्प, जागतिक बँकेच्या कर्जाविना, मुख्यतः देशातल्याच पैशातून, आपल्या लोकांना रोखेही विकून उभारले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. इजिप्तची पाण्याची चिंता खोटी नाही, करार व्हायला हवा. तरी शिक्षक-कारकुनांच्या पगारातूनही हातभार लागलेले ते काम पाहून मन भरून येते. आता वीज गावोगावी नेणाऱ्या तारा, उपकेंद्रे आणि ट्रान्सफॉर्मर हवे आहेत. मदतच करायची असेल, तर त्यांना पैसा द्यावा.