‘धर्मात्मा’ शोधला की फिरोज खान येतो

परवा मास कॉमची एक मुलगी लायब्ररीत आली, म्हणाली मॅडम, १९३० ते ४५ मधले मराठी सिनेमे आहेत का आपल्याकडे. म्हटलं आहेत की, प्रभातचे आहेत बरेच, कॅटलॉगमध्ये बघ. तिने बघितलं. वर्ष १९३० ते १९४५, भाषा मराठी, प्रकार व्हिडिओ. रिझल्ट शून्य. आणि माझ्या पाठीमागच्या कपाटात ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ओळीने उभे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं कारण त्या नोंदी दुसऱ्या कोणी नाही, मीच केल्यात, दहा-बारा वर्षांपूर्वी, मार्चअखेरच्या घाईत.

झालेलं काय, तर मी डबा बघून नोंद केलेली. डब्यावर डीव्हीडी निघाल्याचं वर्ष होतं, ते टाकलं. म्हणजे १९३६ चा ‘तुकाराम’, जो १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, तो आमच्या कॅटलॉगमध्ये एकविसाव्या शतकातला सिनेमा आहे. डब्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत, म्हणून भाषेच्या रकान्यात कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच) इंग्रजी टाकलंय. विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतायत आणि भाषा इंग्रजी!

आता माझ्या बाजूने थोडं. पुस्तकाची सवय हाताला असते आपल्या. शीर्षकपान उघडलं की लेखक, प्रकाशक, साल सगळं एका जागी, आणि आवृत्ती दुसरी-तिसरी असली तरी वाचकाचं फार अडत नाही. सिनेमाचं तसं नाही. सिनेमा वेगळा आणि त्याची डीव्हीडी वेगळी. माणूस शोधत येतो तो सिनेमा, आम्ही नोंदवतो ती चकती. कंपनी कुठली, मिनिटं किती, चकत्या किती, हे आमच्याकडे चोख असतं, आणि शांता आपटे कुठल्या कुठल्या सिनेमात आहेत हे विचारलं की आम्ही गुगल करतो.

आणि सोय नाही असंही नाही हो. मार्क फॉरमॅट म्हणजे लायब्ररीच्या नोंदी कॉम्प्युटरला वाचता याव्यात म्हणून ठरवलेला साचा, त्यात रकान्यांना नंबर असतात. त्यातल्या ००८ मध्ये वर्षाच्या प्रकाराला ‘पी’ टाकलं की दोन वर्षं देता येतात, आधी डीव्हीडीचं, मग मूळ सिनेमाचं. ०४१ मध्ये बोललेली भाषा वेगळ्या सबफील्डला (म्हणजे उपरकान्यात) आणि सबटायटलची वेगळ्या. आपण काय करतो, ‘मराठी, इंग्रजी सबटायटल्स’ असं टिपेत एक वाक्य लिहून मोकळे. माणसाला ते वाचता येतं, फिल्टरला येत नाही. नटांचंही तेच, ५११ या टिपेच्या रकान्यात सगळी नावं एका ओळीत कोंबायची, आणि ७०० मध्ये एकेकाची स्वतंत्र नोंद करायचा कंटाळा, मग नावावर क्लिक करून त्या माणसाचं बाकीचं काम दिसणार कसं? कोहा असो नाहीतर दुसरं कुठलं सॉफ्टवेअर, आपण भरलंच नाही ते ते बिचारं दाखवणार कुठून.

आता ते ‘धर्मात्मा’चं. १९३५ चा प्रभातचा, त्यात बालगंधर्व एकनाथ झालेत, आणि त्याचं आधीचं नाव ‘महात्मा’, ते सेन्सॉरमुळे बदलावं लागलं. आमच्याकडे ‘धर्मात्मा’ टाकलं की येतो १९७५ चा फिरोज खान. माझी त्याच्याविषयी तक्रार काही नाही, पण नाट्यसंगीतावर अभ्यास करणाऱ्या माणसाने त्याचं करायचं काय? ‘महात्मा’ टाकलं तर काहीच येत नाही, कारण पर्यायी शीर्षक ही भानगड मी कधी केलीच नाही. ‘श्यामची आई’ही तशीच, एक अत्र्यांचा १९५३ चा, एक २०२३ चा, आणि दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे डब्यावरचा फोटो बघून अंदाज करावा तर तीही सोय नाही. आणि रोमन स्पेलिंग तर विचारूच नका, ‘कुंकू’ मध्ये एन की एम, यू की डबल ओ, ज्याच्या मनाला येईल तसं. देवनागरीत शीर्षक घातलं असतं तर निम्मी कटकट गेली असती.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते जोडीच्या सिनेमांचं. प्रभातवाले एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत दोन्ही करायचे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. हे डबिंग नव्हे, वेगळं चित्रीकरण. ‘शेजारी’त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, ‘पडोसी’त जागीरदार आहेतच पण दात्यांच्या जागी मजहर खान. जागीरदार हिंदू असून मिर्झा झालेत आणि मजहर खान मुसलमान असून हिंदू, तेही १९४१ साली, म्हणजे नट कोण हाच जिथे अर्धा मुद्दा आहे तिथे आमच्या कॅटलॉगला हे दोन सिनेमे एकमेकांचे कोणी लागतात हेच माहीत नाही. ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून घेतलाय, कादंबरी आमच्याच वरच्या मजल्यावर आहे, सिनेमा खालच्या कपाटात, मध्ये एक जिना आहे पण नोंदीत दुवा नाही.

फिल्म अर्काइव्हजची जागतिक संघटना आहे ना, फियाफ, त्यांनी २०१६ मध्ये नियमपुस्तिका काढली. त्यात हे थर वेगळे केलेत, मूळ कृती, तिचं वेगळं रूप, बाजारात आलेली आवृत्ती आणि हातातली प्रत. वाचताना वाटतं किती ताणलंय. मग ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. १९१३ चा फाळक्यांचा, सगळ्यांना पाठ. पण फाळक्यांनी १९१७ मध्ये तो पुन्हा बनवला, आणि आज जी रिळं उरलीत ती १९१७ चीच आहेत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. आता सांगा, नोंदीत वर्ष काय टाकायचं? एकच रकाना असला की तुम्हाला खोटं बोलावंच लागतं. निदान दोन रकाने आणि एक टीप तरी हवी.

‘आता सगळं यूट्यूबवर आहे, कोण बघतंय तुमचा कॅटलॉग’ असं आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकलंय. असू दे की. तिथे अपलोड करणाऱ्याने जे नाव दिलं ते नाव, निम्म्यांवर ‘फुल मूव्ही एचडी’ सोडून दुसरी माहिती नाही. आणि लायब्ररीनेही तसंच केलं तर मग आमचा पगार कशाचा?

तर सध्या शनिवारी दुपारी बसते. डबा बाजूला ठेवून चकती लावते आणि श्रेयनामावली पॉज करत करत उतरवते. एका सिनेमाला सहज पाऊण तास जातो, त्यात जुन्या पट्ट्यांवर अक्षरं थरथरतात, एखादं आडनाव तीनदा मागे नेऊन वाचावं लागतं. प्रभातचे झाले. त्या मुलीला फोन करून सांगितलं, तिने परत सर्च केला, आले सगळे, ‘शेजारी’ सोबत ‘पडोसी’पण. तिला त्याचं विशेष वाटलं नाही, तिच्या हिशोबी ते आधीपासून असायलाच हवं होतं, आणि बरोबरच आहे तिचं.

आता कपाटाच्या खालच्या खणात आलेय. तिथे एक चकती आहे, डबा नाही, वर मार्करने फक्त ‘नाटक २ फायनल’ लिहिलंय. लावून बघितली, नामावली कापलेली आहे, तिसऱ्या अंकात वीज जाते आणि प्रेक्षक हसतात. कॉलेजच्या गॅदरिंगचं असावं, पण नायिकेचं काम करणारी मुलगी फार चांगली आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला काही आठवत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, ७०० मध्ये तिचं नाव घालायचंय.