पन्नाशीतले अलारिप्पू

सांगलीच्या प्रेक्षकाला हौशी नाटक कसे पाहावे हे शिकवावे लागत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून हे गाव नाट्यपंढरी म्हणून मिरवत आले आहे आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला बसलेला इथला माणूस मध्यंतराच्या चहाबरोबर प्रकाशयोजनेपासून पाठांतरापर्यंत सगळ्याचा पंचनामा करतो. हौशी नृत्याच्या वाट्याला मात्र हा पंचनामा येत नाही. तेथे आपण नातेवाईक किंवा शेजारी म्हणून जातो, मोबाईल उंच धरतो, ‘छान झाले हो’ म्हणतो आणि घरी परततो. मागच्या आठवड्यात विश्रामबागेतील एका शाळेच्या सभागृहात प्रौढ महिलांच्या भरतनाट्यम वर्गाचा कार्यक्रम झाला. शेजारच्या काकू त्यात नाचणार होत्या म्हणून मीही अशाच सौजन्यापुरत्या तयारीने गेलो होतो.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगते यांत बराच वेळ गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

त्यानंतर अलारिप्पू सुरू झाले. भरतनाट्यमच्या मार्गमातील, म्हणजे सादरीकरणाच्या ठरलेल्या क्रमातील, ही परंपरेने पहिली रचना. हिच्यात कथा नसते, अभिनय नसतो; डोळे, मान, खांदे, हात आणि मग पाय असे एकेक अंग लयीत जागे होत जाते. कथानक असलेल्या रचनेत चेहऱ्यावरचे हसू आणि भरगच्च पार्श्वसंगीत पुष्कळ उणिवा झाकून नेतात, तशी सोय येथे नाही. त्यातही या वर्गाच्या गुरूंनी ध्वनिमुद्रित संगीत वापरले नव्हते. त्या स्वतः रंगमंचाच्या कडेला बसून झांज वाजवत बोल म्हणत होत्या. समोर सातजणी होत्या, सर्वांत लहान चाळिशीची आणि सर्वांत मोठ्या साठी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून अर्धे बसण्याची अरैमंडी ही या नृत्याची मूळ बैठक, आणि साठीच्या गुडघ्यांना ती पूर्णपणे साधणे अवघडच. तशी ती साधलीही नाही. परंतु प्रत्येकीने आपल्याला झेपेल तेवढी बैठक ठरवली होती आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. दमल्यावर हळूच उभे राहणे आणि कोणी पाहते आहे असे वाटताच पुन्हा खाली जाणे, हा प्रकार मी तरुण मुलींच्या कार्यक्रमांतही पाहिला आहे. येथे तो नव्हता. सातजणींच्या बैठकी सात तऱ्हेच्या होत्या आणि पाय पडल्याचा आवाज मात्र एकच येत होता.

कार्यक्रमानंतर गुरूंशी बोलताना यामागचा विचार समजला. अडवू, म्हणजे हात-पायांच्या हालचालींचे मूलभूत घटक, परंपरेने तीन लयींत घोटून घेतले जातात. या वर्गात त्यांनी तिसरी, सर्वांत जलद लय जवळजवळ वगळली होती आणि वाचलेला सगळा वेळ पहिल्या दोन लयींवर घालवला होता. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी आणि रील्सनी आपली अशी समजूत करून दिली आहे की वेग म्हणजेच तयारी. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. द्रुत लयीत चूक निसटून जाते. संथ लयीत दोन मात्रांमधील मोकळ्या जागेत हात कोठे आहे हे शेवटच्या रांगेतूनही दिसते.

पुढे एक अभंग सादर झाला. ‘दाक्षिणात्य नृत्यात मराठी रचनेचा अभिनव प्रयोग’ अशी निवेदकांनी त्याची ओळख करून दिली, तेव्हा मला हसू आवरले नाही. ज्या तंजावरात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी मार्गमाला आजची घडण दिली, तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते, आणि दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) यांच्या काळात नृत्यासाठी मराठीत ‘निरूपण’ नावाच्या रचना केल्या जात होत्या. हा अभिनव प्रयोग त्यामुळे दोनशे वर्षे जुना आहे. अभंगावर एकटीने नाचणाऱ्या बाई हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहतात असे कळले. त्यांचा सुरुवातीचा अभिनय मला खटकला, कारण शब्द आला की त्याची मुद्रा असा तो सरळसोट चालला होता. पालुपद पुन्हा आले तेव्हा मात्र त्यांनी शब्दांचा पाठलाग सोडला आणि केवळ नजर व मान यांवर वाट पाहणे उभे केले. तेवढ्या चार ओळी कोणत्याही व्यावसायिक मंचावर शोभल्या असत्या, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

या पिढीला हे वेळेवर शिकायला का मिळाले नाही, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या लावणीला दाद देणाऱ्या किती घरांनी आपल्या लेकीच्या पायांत घुंगरू बांधू दिले असते? भरतनाट्यमही देवदासींनी जपलेले आणि त्यासाठीच हिणवले गेलेले; रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये चेन्नईत कलाक्षेत्र स्थापन केले, त्या सुमारास ते मध्यमवर्गीय घरांत शिरू लागले आणि आपल्याकडच्या गावांत पोहोचायला आणखी काही दशके गेली. या सातजणींपैकी काहीजणी मुलीला वर्गाला सोडून बाहेर पायरीवर बसून राहत असत. मुली शिक्षणासाठी पुण्याला गेल्या आणि आया आत आल्या.

शेवटच्या तिल्लान्यात, म्हणजे सांगतेच्या जलद नृत्यरचनेत, रांगा विस्कटल्या, एकजण चुकीच्या बाजूला वळली आणि एकूणच ती रचना वर्गाच्या आवाक्याबाहेरची होती. बाहेर पडताना हे कोणीच बोलले नाही. ‘या वयात एवढे म्हणजे कमालच’ हे वाक्य मात्र चहूकडून ऐकू येत होते. काकूंना मी तिल्लान्याबद्दलचे मत सांगितले तेव्हा त्यांनी वाईट वाटून न घेता कोणत्या आवर्तनात ओळ मोडली हे विचारले, आणि आम्ही जिन्यात उभे राहून त्यावर बराच वेळ बोललो.

आयोजकांना माझी एवढीच सूचना आहे की पुढच्या खेपेस सत्कार कमी करावेत, राग आणि ताल यांची नोंद असलेली कार्यक्रमपत्रिका छापावी आणि शंभर रुपये का होईना, तिकीट लावावे. नाटकासाठी रांगेत उभे राहणारे सांगलीकर याही रांगेत उभे राहतील आणि मध्यंतरात मनमोकळा पंचनामाही करतील.