भिंतीवरची पुराची रेघ पुसण्याआधी

दिवाळीच्या आधी गावी गेलो तेव्हा मावशी ओसरीची भिंत पोतारायला बसली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा नदीचं पाणी घरात शिरलं, त्याची गाळाची रेघ भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर तशीच होती. म्हटलं, "मावशी, थांब जरा, मोजून घेऊ दे." ती म्हणाली, "बाळा, रोज ते बघून पोटात कालवतंय. जाऊ दे एकदाचं." मी टेप लावला, फोटो काढला आणि मग तिच्याबरोबर भिंत पोतारायला बसलो.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते नकाशावर दाखवणाऱ्या रेषेच्या, सर्व्हेत काही वर्षं काम केलंय, म्हणून हे कळकळीनं लिहितोय. आपल्याकडं निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी. लोकांना वाटतं, येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते. त्या रेषेवर २० वर्षांचं कर्ज काढून घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता ५६ टक्के होते.

रेषा काढताना नदीचे आडवे छेद घेतात, पावसावरून विसर्ग काढतात. पण पात्रात वाळू किती, बाभळी किती, खडक किती, त्यानं पाणी किती अडेल, याचा आकडा अनुभवानं धरावा लागतो. तो बरोबर धरला का, हे तपासायला खऱ्या पुराची खूण लागते. गोदावरीवर पाणी मोजणारी केंद्रं आहेत. सिंदफणा, बिंदुसरा, सीना, मन्याड यांच्या काठच्या बहुतेक गावांत भिंतीवरची रेघ हीच नोंद.

एका गावात आम्ही तीन म्हाताऱ्यांना जुन्या पुराची खूण विचारली, तर तिघांच्या सांगण्यात दोन फुटांचा फरक. काळ्या रानाला पाचशे फुटांत एक फूट उतार धरा, म्हणजे दोन फुटांच्या चुकीनं रेषा हजार फूट सरकते. तेवढ्यात अख्खी वस्ती बसते.

आपल्या पूर्वजांनी गाव पांढरीवर, उंचावर वसवलं आणि खाली नदीकडं काळी ठेवली. आता प्लॉटिंग काळीत उतरलंय. घेणाऱ्याला सातबारा दाखवतात, पूररेषा कुणी दाखवत नाही.

जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेनं बीडमध्ये हाहाकार केला. त्याच वर्षी सप्टेंबरात पाटबंधारे खात्याचं पूररेषेचं परिपत्रक निघालं. राज्यांनी पूरक्षेत्रासाठी कसा कायदा करावा, याचा केंद्राचा नमुना तर १९७५ चा. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड यांनी कायदा केला. आपण अजून परिपत्रकं आणि बांधकाम नियमावलीवर चालतोय. कायदा व्हायलाच हवा. पण तोवर खुणा तरी जपता येतील.

आमच्याकडं पंचनामा झाला. पीक किती गेलं, भिंत किती पडली, सगळं लिहिलं. पाणी किती उंच आलं होतं, याला रकानाच नव्हता. तलाठी दारात उभा, रेघ त्याच्या डोळ्यांसमोर. घरमालकाच्या सहीबरोबर ओट्यापासूनची उंची आणि लोकेशनसह एक फोटो, एवढंच वाढवायचं. नंतर सर्व्हेवाला येऊन त्या ओट्याची लेव्हल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, घेईल. शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर ग्रामपंचायतीनं ऑइलपेंटनं रेघ मारून तारीख टाकावी. खर्च एका डब्याचा.

आमच्या ओट्यापासून चार फूट दोन इंच. वहीत लिहून ठेवलंय. सिंदफणेच्या, सीनेच्या काठावर कुणाच्या गोठ्यात, विहिरीच्या कठड्यावर, खताच्या खोलीत रेघ अजून शिल्लक असेल तर एवढा कोपरा पोतारू नका. आधी टेप लावा, फोटो काढा, गावाचं नाव टाकून इथं खाली टाका.