‘फक्त गॅस भरायचा होता’: १ स्टार रिव्ह्यूला आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तक्रारी अशा आहेत: नुसता टॉप-अप सांगितला होता, तरी आम्ही सगळा गॅस बाहेर काढला आणि गाडी चार तास अडकवली. बाहेर ८०० रुपयांत होणाऱ्या कामाचे ३,५४० रुपये लावले. काढलेला गॅस ठेवून घेतला. आणि शेवटी ‘अजून थोडा सोडा’ म्हटल्यावर तोंडावर नकार दिला. जॉबकार्ड समोर ठेवून एकेकाचं उत्तर देतोय.

गाडीच्या एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद लाइनमध्ये तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात, तेवढं चालतं. पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या मे महिन्यात निम्म्याहून कमी उरला असेल, तर तो कुठून तरी निघून गेलाय. ती जागा न शोधता वरून भरणं म्हणजे पुढच्या मे महिन्याचं बिल आजच ठरवून ठेवणं.

‘गेज (दाब मोजायचं मीटर) लावून कळलं नसतं का?’ असंही तुम्ही लिहिलंय. नाही कळत. एसी बंद असताना गेजचा काटा गॅस किती आहे ते सांगत नाही, ऊन किती आहे ते सांगतो. तुमच्या एसीत जो गॅस चालतो, त्या आर-१३४ए चा दाब ४० अंशांना साधारण १३३ पीएसआय (दाबाचं माप) असतो. आत २५० ग्रॅम असो की ४५०, थोडा द्रव शिल्लक आहे तोवर काटा तिथेच उभा. एसी चालू केल्यावर लाइनची एक बाजू कमी दाबाची (लो साइड) आणि दुसरी जास्त दाबाची (हाय साइड) होते. लो साइड कमी दिसली, तर गॅस कमी असू शकतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी बारीक वाट) अडकलेला असू शकतो, नाहीतर ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) चोंदलेला. म्हणून सगळा गॅस काढून वजन करणं हा एकच खात्रीचा मार्ग. तुमच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर ४३० ग्रॅम लिहिलंय, गॅस काढायच्या-भरायच्या मशीनच्या काट्यावर १९० ग्रॅम निघाला.

मशीन जोडण्याआधी आम्ही गॅस आयडेंटिफायर (आत कोणता गॅस आहे ते सांगणारं यंत्र) लावला होता, तो बिलात धरलेला नाही. बाहेर भरलेल्या गाडीत आर-१३४ए च असेल याची खात्री कोणी द्यावी? काही ठिकाणी सरळ एलपीजी भरतात. थंडावा देतो, त्यात वाद नाही. पण कूलिंग कॉइल (केबिनची हवा थंड करणारी जाळी) फुटली तर तो डॅशबोर्डमागून केबिनमध्ये येतो आणि तिथे ठिणगीला जागा भरपूर. त्याहून वाईट म्हणजे बनावट सिलिंडरमधला आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन जे तयार होतं, ते हवा लागताच पेट घेतं. २०११ मध्ये असल्याच भेसळीमुळे जहाजाने माल नेणाऱ्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून कामगार दगावले होते. तुमचा गॅस शुद्ध निघाला, म्हणून पुढचं काम सरळ झालं.

लीक दोन ठिकाणी होतं. आत गॅस होता तेव्हाच इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर हाय साइडच्या सर्व्हिस पोर्टवर (गॅस भरायच्या तोंडावर) वाजला. पोर्टचं टोपण गायब, आत पिनच्या (टायरच्या व्हॉल्व्हसारख्या) भोवती धूळ. हे टोपण शोभेचं नसतं, पिन बसकी झाली की तेच खरं सील. गॅस काढल्यावर लाइनमध्ये १० बार कोरडा नायट्रोजन भरला आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या जाळीमागे गॅस थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या जोडावर तेलकट काळा डाग होता, बोटाएवढा. तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग) काढली तर चपटी आणि कडक, नखाने दाबली तरी दबत नव्हती. ती बदलून, नवी ओ-रिंग पॅग तेलात (एसीच्या कॉम्प्रेसरच्या तेलात) बुडवून बसवली. नवी पिन बसवली, नवं टोपण लावलं आणि पुन्हा २० मिनिटं दाब धरला. गाडी मुद्दाम सावलीत ठेवली होती. उन्हात नायट्रोजन तापून दाब वाढतो आणि बारीक लीक त्यात लपून जातं.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा का नाही भरली, असं बरेच जण विचारतात. त्या हवेत पाणी असतं. शिवाय लाइनमध्ये उरलेला आर-१३४ए दाबाखाली हवेत मिसळला की ते मिश्रण पेटू शकतं. ऑक्सिजनचं तर नावच नको, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट.

मग ४५ मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने लाइनमधली सगळी हवा ओढून काढणं. सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि बाहेर सगळ्यात आधी गाळलं जाणारं काम हेच. पॅग तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी आत राहिलं, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर बर्फ धरतं आणि हळूहळू ॲसिड होऊन आतलं ॲल्युमिनियम खातं. व्हॅक्यूम खोल गेला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ पंपातून बाहेर जाते. पाच मिनिटांत काटा खाली गेलेला दिसतो, पण तेलातलं पाणी तेवढ्यात निघत नाही. नंतर पंप बंद करून १५ मिनिटं काटा पाहिला, हलला नाही. नुसता व्हॅक्यूम टिकला म्हणून ‘लीक नाही’ म्हणणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. व्हॅक्यूममध्ये जोडावर फार तर एक बारचा फरक असतो, तोही बाहेरून आत. एसी चालताना हाय साइडला १५ ते २० बार आतून बाहेर ढकलत असतात.

गॅससोबत १० मिली तेल निघालं. तेवढं परत घातलं, शिवाय लीकमधून गेलेल्याच्या अंदाजाने आणखी १० मिली, पॅग ४६ (तेलाचा ग्रेड). मग वजनावर ४३० ग्रॅम गॅस भरला. यातले १९० ग्रॅम तुमचेच, मशीनमध्ये गाळून परत तुमच्याच गाडीत गेले. म्हणून बिलात गॅस २४० ग्रॅमच लावलाय, बघून घ्या. बिल असं: गॅस काढणं, व्हॅक्यूम आणि भरणं १,५००. लीक तपासणी ७००. पिन, ओ-रिंग, टोपण २४०. गॅस ३६०. तेल आणि यूव्ही डाय (लीक दाखवणारा रंग) २००. झाले ३,०००, वर १८ टक्के जीएसटी ५४०. या कामाला साधारण तीन तास लागतात. मशीन एकच आहे आणि तुमच्या आधी एक गाडी लागलेली होती, चौथा तास तिचा.

आता ‘अजून थोडा सोडा’. गॅस जास्त म्हणजे थंडावा जास्त, हा समज खोलवर रुजलाय. होतं उलटं. जादा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचतो, गॅसला थंड व्हायला जागा कमी उरते, हाय साइड चढते. ती साधारण ३२ बारला गेली की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, थोड्या वेळाने चालू, परत बंद. तुम्हाला वाटतं कूलिंग येतं-जातं. त्यात द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचला तर व्हॉल्व्ह मोडतात, मग बिल पाच आकडी. तुमच्या गाडीचं रीडिंग बाहेर ४१ अंश असताना १,५०० आरपीएमला हाय साइड २७० पीएसआय (साधारण १८.६ बार), लो साइड ४० पीएसआय, व्हेंटमध्ये ९ अंश आलं. नागपूरच्या उन्हात यापेक्षा चांगलं रीडिंग मागायचं कारण नाही.

सिग्नलला थांबल्यावर थंडावा कमी होतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्याचा संबंध हवेशी आहे. गाडी उभी असताना कंडेन्सरला फक्त पंख्याची हवा मिळते, आणि त्याच्या फिनमध्ये (पातळ पत्र्यांत) धूळ आणि किडे भरलेत. मागून पुढे साध्या नळाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचं जोराचं पाणी मारू देऊ नका, फिन आडव्या पडतात. उन्हात उभी गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवा, मग रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) लावा.

८०० वाल्याबद्दल थोडं बोलतो, कारण त्यात तुमच्याच डोळ्यांचा प्रश्न आहे. तिथे उभे राहणार असाल, तर पिन दाबून जुना गॅस हवेत सोडताना जवळ थांबू नका. द्रव आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला की बुबुळ गोठतं. हातमोजे आणि चष्मा आम्ही हौसेने घालत नाही. कॅन लवकर रिकामा व्हावा म्हणून लायटरने किंवा उकळत्या पाण्यात तापवतात, तो फुटू शकतो. आणि एसी चालू असताना कॅन चुकून हाय साइडला जोडला, तर गाडीचा दाब उलटा कॅनमध्ये शिरतो. तुमचे ते १९० ग्रॅम हवेत सोडले असते, तर तापमानवाढीच्या हिशेबाने ते सुमारे २७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं झालं असतं.

गाडीत यूव्ही डाय आहे. थंडावा परत कमी वाटला, तर बाहेर कुठेही गॅस न भरता आधी इकडे आणा. अंधारात निळा लाइट मारला की लीकची जागा हिरवी चमकते. बिल सोबत असू द्या. सहा महिन्यांत या दोन जागांवर लीक निघालं तर मजुरी आणि गॅस आमच्याकडून. लीक कूलिंग कॉइलमध्ये निघालं, तर डॅशबोर्ड खोलावा लागेल आणि त्याचा खर्च वेगळा, तो काम सुरू करण्याआधी लिहून देऊ.