काका, कर्नल कामठीचा नाही

चौथ्यांदा अर्ज कोरा झाला तेव्हा मी मोठ्यांदा शिवी हासडली, आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकांनी ती स्वतःवर घेतली.

प्रसंग म्हणाल तर क्षुल्लक. नागपूरचा मे महिना, महालातलं एक कार्यालय, भिंतीवर पाटी: 'नागरिकांच्या सोयीसाठी अर्ज मोबाईलवरूनच भरावा'. नाव, पत्ता, आईचं नाव भरायचं, ओटीपी बघायला मेसेजमध्ये डोकवायचं आणि परत यायचं. परत आलो की अ‍ॅप म्हणतं, "स्वागत आहे. भाषा निवडा."

काकांच्या डोक्याला दुपट्टा, खिशात लू लागू नये म्हणून कांदा. "कोनाले म्हणून राहिला बे?"

"तुम्हाला नाही काका, फोनला. अर्ज मारला त्यानं."

"कोनं मारला?"

इथे मी चुकलो. खरं उत्तर दिलं. "कर्नलनं."

काकांनी दुपट्टा कानावरून सरकवला. "कामठीचा काय?"

कामठीला छावणी आहे, तेव्हा काकांचंही चूक नाही. मी समजवायला बसलो. फोन चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाची मूळ प्रणाली, आणि लिनक्सचा कर्नल म्हणजे सगळ्यांना जागा वाटून देणारा मुकादम. मेमरी कमी पडली की आधी तो सामान दाबून बसवतो, उन्हाळ्यात आपण रजया ट्रंकेत कोंबतो तसं. त्याला झेडरॅम म्हणतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर कुठल्या तरी अ‍ॅपला उडवावं लागतं.

"कर्नल सोता उडवते?"

प्रश्न अगदी मर्मावर होता, मला रागच आला. पूर्वी अँड्रॉइडचा मारेकरी खरंच कर्नलमध्ये बसायचा. २०१७ साली लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीतून त्याला काढून टाकलं. आता कर्नल नुसती मेमरीची कोंडी किती झाली ते कळवतो आणि अँड्रॉइडचा एलएमकेडी नावाचा गडी कुठलं अ‍ॅप मारायचं ते हेरतो.

"म्हंजे शिपाई धाडते. कर्नलचे हात साफ!" काकांना हे फार आवडलं. "मंग कोनाले मारायचं, हे कसं ठरते?"

आकड्यावरून. उणे १००० ते १०००, प्रत्येकाच्या कपाळावर एक. डोळ्यांसमोर उघडं असलेलं अ‍ॅप शून्यावर. गाणं वाजवत असलेलं २००. आत्ताच बाजूला केलेलं ७००, आणि मागे पडून राहिलेली ९०० च्या वर. ज्याचा आकडा मोठा, तो आधी जातो. मारायला नऊ नंबरचा सिग्नल, म्हणजे 'थांबा, एवढं लिहून घेतो' म्हणायलाही सवड नाही.

काकांनी विचार केला. "मंग तू बाजूले गेलाच कायले?"

"ओटीपी पाहायला!"

"हो, पन गेला ना."

याला काय उत्तर द्यायचं? मी पाचव्यांदा अर्ज भरायला घेतला. अर्ध्यावर आलो असेन, तोच काकांनी "आन इकडे" म्हणत फोन हातातून घेतला आणि उघडी असलेली सगळी अ‍ॅपं अंगठ्यानं भराभर वर उडवली. अंगण झाडावं तसं. "झालं, हलका झाला." आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक झाडूवाला असतोच. अहो, मागे ठेवलेली अ‍ॅपं पुन्हा लवकर उघडावी म्हणून ठेवलेली असतात. रिकामी मेमरी काय बँकेत टाकायची आहे? उडवलं की पुन्हा पहिल्यापासून उठवा, वर बॅटरी खर्च. पण हे मी कोणाला सांगत होतो? पाचवा अर्जही गेला होता.

आणि खरं सांगू, माझं भांडण त्या गड्याशी नाहीच. तो नियमानं मारतो. बाजूला सारण्याआधी अँड्रॉइड अ‍ॅपला सांगतं की बाबा, परत येशील याची खात्री नाही, काय भरलंय ते टिपून ठेव. नाव, पत्ता, आईचं नाव. तीन ओळी! ज्यानं हे अ‍ॅप बनवलं त्यानं त्या टिपल्या नाहीत, कारण त्याच्या टेबलावरच्या महागड्या फोनची मेमरी कधी संपलीच नसणार. इथे रांगेत निम्म्या लोकांकडे काचा तडकलेले जुने फोन. त्यांनी बाजूला जायचंच नाही.

मान वर केली तर माझ्या जागेवर दुसराच उभा. मी काकांकडे पाहिलं.

"तू बाजूले झालता ना," काका म्हणाले आणि खिडकीपाशी सरकले. त्यांचा अर्ज पुतण्यानं घरूनच भरून दिला होता.

माझा अजून व्हायचाय. डाव्या कानात सकाळपासून लावलेलं गाणं मात्र या सगळ्यात एकदाही तुटलं नाही.